रोल केजसाठी बेंडर घेताय? डायवर ठोकलेल्या आकड्यावर जाऊ नका

भोसरीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. जिप्सी-थारचे रोल केज (गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा ट्यूबचा पिंजरा) आणि कॉलेजच्या पोरांच्या बाहा स्पर्धेच्या बग्गीचे सांगाडे ही मुख्य कामं. ट्यूब वाकवण्याचं काम बाहेरून करून घेण्यात वेळ फार जायचा म्हणून स्वतःचं बेंडिंग मशीन मागवलं आणि त्यात 1 लाख 15 हजारांना गंडवला गेलो. हाच माल अजून विकला जातोय, म्हणून सगळं लिहितोय.

प्लंबरकडचा जॅकवाला बेंडर या कामाचा नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यात फॉर्मर पाइपला मधोमध ढकलतो आणि पातळ ट्यूब तिथंच दबते. केजला रोटरी ड्रॉ मशीन लागतं. त्यात ट्यूब डायला, म्हणजे खोबण असलेल्या गोल साच्याला, क्लॅम्प होऊन डायबरोबर फिरते आणि मागून फॉलोअर ब्लॉक तिला धरून ठेवतो. मी कोटेशनवर लिहूनच घेतलं होतं: रोटरी ड्रॉ, 38 आणि 45 मिमी ओडी (बाहेरचा व्यास) ट्यूबच्या डाय, बेंडची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट, डाय ईएन 8 पोलादात मशीन केलेल्या. विक्रेत्यानं व्हिडिओ पाठवला. बेंड सुरेख, कुठं सुरकुती नाही. त्यावर पैसे गेले.

माल ट्रान्सपोर्टच्या गोडाउनला टू-पे आला, म्हणजे भाडं घेणाऱ्यानं भरायचं. तिथं भाडं भरल्याशिवाय खोका उघडू देत नाहीत. शेडवर आणून 38 बाय 2.5 ची (भिंत 2.5 मिमी) सीमलेस ट्यूब लावली. अर्ध्या बेंडलाच बाहेरची बाजू बसायला लागली. व्हर्निअर लावलं तर एका बाजूनं 33 मिमी, दुसऱ्या बाजूनं 41.5. म्हणजे गुणोत्तर 0.8 च्याही खाली. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या, रॅलीच्या गाड्यांना लागू असलेल्या परिशिष्ट जे, कलम 253 मध्ये बेंडवर लहान आणि मोठ्या व्यासाचं गुणोत्तर किमान 0.9 हवं असं स्पष्ट आहे. हा नियम उगाच नाही. गाडी उलटली की मेन हूपच्या (सीटमागच्या मुख्य कमानीच्या) बेंडवर भार येतो, आणि ट्यूब जिथं चपटलेली असते तिथंच आधी दुमडते. खाली माणसाचं डोकं असतं. त्यामुळे हा प्रकार मला निव्वळ पैशांची फसवणूक वाटत नाही.

मग डाय खोलून खोबण मोजली. 38 चा शिक्का असलेल्या डायची खोबण 42.4 मिमी निघाली आणि 45 च्या डायची 48.3. हे आकडे पाइपवाल्यांना पाठ असतात. सव्वा इंची एनबी (नॉमिनल बोअर) पाइपचा बाहेरचा व्यास 42.4 आणि दीड इंचीचा 48.3. पाण्याच्या पाइपचं माप आतल्या नाममात्र बोअरवरून सांगतात, केजच्या ट्यूबचं बाहेरच्या व्यासावरून. या फरकाचाच त्या माणसानं फायदा घेतला होता. डायच्या कडेवरचा रंग थिनरनं पुसला तेव्हा खाली ग्राइंडरचे ताजे ओरखडे दिसले. त्यात जुना 1¼ अर्धवट वाचता येत होता आणि शेजारी हातानं ठोकलेला 38 होता. स्क्रूड्रायव्हरनं खरवडल्यावर पुट्टी निघाली आणि तिच्याखाली ओतकामाची भोकं. ईएन 8 कुठलं, साधं बीड होतं ते. व्हिडिओतला बेंड सुरेख का होता तेही कळलं. तो जाड भिंतीचा पाण्याचा पाइप होता, त्या खोबणीत चपखल बसणारा.

फोन केला तर, “साहेब, मशीन एकदम ओके आहे, तुमची ट्यूबच कच्ची आहे.” मोजमापाचे फोटो पाठवल्यावर, “ग्रीस लावून बघा.” नंतर नंबर ब्लॉक. मालाबरोबर आलेल्या बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नाव भलत्याच धंद्याचं. हा नंबर कुणालाही लॉगिन न करता तपासता येतो. तो आगाऊ मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथंच थांबा.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. “धंद्यासाठी घेतलेल्या मशीनला ग्राहक कायदा लागत नाही” असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं, ते अर्धवट आहे. 2019 च्या कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळलेली आहे, पण स्वतः राबून, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात येते. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. आधी विचारायचं असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कोटेशन, चॅट, व्हिडिओ यातलं काहीही डिलीट करू नका.

मशीन घेताना आपल्याच ट्यूबचा तुकडा घेऊन जा आणि समोर 90 अंशाचा बेंड मारून मागा. जाणं जमत नसेल तर तुकडा पाठवा आणि व्हिडिओ कॉलवर व्हर्निअर खोबणीत लावायला सांगा, डायच्या बाहेरच्या व्यासावर नाही. 38 च्या ट्यूबला सेंटरलाइन त्रिज्या (ट्यूबच्या मध्यरेषेवर मोजलेली) किमान 114 मिमी हवी, 45 ला 135. बाहाच्या पोरांनो, तुमची ट्यूब बहुतेक वेळा 25.4 किंवा 29.2 मिमीची असते. तुम्हाला “एक इंची डाय” म्हणून पाण्याच्या पाइपची 33.7 ची गळ्यात मारतील, तेव्हा ऑर्डरवर इंच लिहूच नका, ओडी मिमीमध्ये लिहा.

तोच व्हिडिओ सध्या दुसऱ्या नावानं फिरतोय. लाल मशीन, निळ्या डाय. दिसला तर डायच्या शिक्क्याचा रंग काढलेला फोटो मागा.