सायकल: जनरल डब्यात की लगेजच्या डब्यात?

गणपतीत दिव्याहून सावंतवाडीकडे जाताना मी एकदा सायकल जनरल डब्यातच चढवली, दाराशी टेकवून. खेडला उतरताना एका मावशींचा पदर हँडलला अडकला आणि मागची रांग तुंबली. "अरे, हा काय गोठा आहे?" बरोबरच होतं त्यांचं.

लगेजच्या डब्याचा खटाटोप आहे: लवकर पोहोचा, वजन करा, पावती घ्या, सायकलवर नाव-स्टेशनची चिठ्ठी बांधा. शिवाय हा डबा बहुतेकदा गाडीच्या टोकाला आणि छोट्या स्टेशनांवर गाडी जेमतेम थांबते. म्हणून रत्नागिरी, कुडाळसारखं मोठं स्टेशनच धरावं. पण जनरल डब्याचं दार मोकळं राहतं. घडीची सायकल पिशवीत घालून सीटखाली मावत असेल तर गोष्ट वेगळी. माझी मावत नाही, मी पावतीच फाडतो.