थांबावं की बदलावं? पहिल्या वर्षानंतरचं लॉ स्कूल

अमेरिकेत जेडीचं, म्हणजे तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीचं, पहिलं वर्ष संपलं, वर्गात नंबर वरचा आला, मग आता मोठ्या नावाच्या लॉ स्कूलमध्ये ट्रान्सफर घ्यावी का? हा प्रश्न यंदा माझ्या भाचीसमोर आहे. २०१६ मध्ये तो माझ्यासमोर होता आणि मी बदललं. तरी तिला ‘बदलूनच टाक’ असं सरळ सांगायला जीभ रेटत नाही, कारण त्यात माझं गेलं तेही थोडंथोडकं नव्हतं.

आधी मार्कांचं बोलू. क्रेडिट तुमच्याबरोबर येतात, जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी येत नाही. नव्या ट्रान्सक्रिप्टवर वर्षभराच्या मेहनतीच्या जागी नुसती ट्रान्सफर क्रेडिटची नोंद होती आणि जीपीएचा रकाना कोरा. जुन्या वर्गात मी चौथा होतो. इथे मला नंबरच नव्हता. पण वकिली फर्मच्या मुलाखती पुढच्याच आठवड्यात, तोवर नव्या ठिकाणचा एकही मार्क हातात नाही. त्यामुळे फर्म दोन्ही ट्रान्सक्रिप्ट मागतात आणि बघतात ते जुनेच मार्क. म्हणजे मुलाखत मिळते ती नव्या नावावर आणि निभावते जुन्या मार्कांवर. नंतरचं सांगायचं तर पहिल्या सत्रात दोन बी-प्लस आले आणि मी हबकलो. मार्क कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत मिळतात; सगळा वर्गच हुशार असला की त्यात वर राहणं जड जातं. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सेमिनार बरेच असतात, तिथे कर्व्ह सैल असतो. माझा जीपीए थोडा घसरला, बुडाला नाही. माझ्याबरोबर आलेल्या तिघाचौघांचंही साधारण असंच झालं.

थांबण्याच्या बाजूला स्कॉलरशिप होती, आणि ती मोठी होती. ट्रान्सफरवाल्याला नव्या ठिकाणी सहसा काही मिळत नाही. शिवाय विद्यार्थी चालवतात त्या कायद्याच्या जर्नलवरची जागा, आणि नावानिशी ओळखणारे प्राध्यापक. न्यायाधीशांकडे क्लर्कशिप करायची असेल तर शिफारसपत्रं लागतात, ती या प्राध्यापकांइतकी मनापासून दुसरं कोण लिहिणार? ज्याला त्याच राज्यात वकिली करायची आहे आणि ज्याच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड आहे, त्याने थांबावं असंच मला वाटतं. तिथले न्यायाधीश, फर्मचे भागीदार, बरेचजण त्याच स्कूलमधून निघालेले असतात. त्यांना वर्गातला चौथा नंबर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

माझं घोडं अडलं ते एका चौकोनापाशी. प्रत्येक अर्जात प्रश्न असायचा: आता किंवा पुढे व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल का? मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. ‘हो’वर खूण करायची, अर्ज पाठवायचा आणि मग सामसूम. नकाराचं पत्रसुद्धा नाही. त्या उन्हाळ्यात मी जुन्या स्कूलच्या शहरातल्या बहुतेक सगळ्या फर्मना अर्ज केले. एका भागीदाराने कॉफीला बोलावलं, तासभर आपुलकीने बोलले, आणि उठताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आमच्याकडे हे कागद कधी कोणी केलेच नाहीत.” वाईट वागलं कोणीच नाही. पण त्या चौकोनापुढे माझे मार्क कोणी पाहतच नव्हतं, आणि हे मला रात्र-रात्र सलायचं.

मोठ्या फर्मना हे कागद रोजचे असतात. जेडीनंतर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, मिळते १२ महिन्यांची; पुढे लागणाऱ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या जागा वर्षाला ८५,०००, आणि त्याही लॉटरीने. माझ्या वाट्याला एकच लॉटरी आली, ती लागली. एका सहकाऱ्याची लागली नाही, तर फर्मने त्याला लंडनच्या ऑफिसात बसवलं. छोट्या फर्मला मनात असूनही हे जमत नाही.

पगाराचंही असंच. नव्या वकिलांच्या पगारांचा आलेख काढला तर दोन टेकाडं दिसतात: एक लाख डॉलरच्या खाली, दुसरं थेट २,२५,००० च्या आसपास. मधे फार थोडे. दुसऱ्या टेकाडावर नेणाऱ्या फर्म माझ्या जुन्या कॅम्पसवर येतच नव्हत्या.

मात्र भाचीने एक गोष्ट नीट तपासावी. माझ्या वेळी मोठ्या फर्मच्या मुलाखती ऑगस्टमध्ये नव्या कॅम्पसवर व्हायच्या. २०१८ च्या अखेरीस नाल्प या लॉ स्कूल आणि फर्मच्या संघटनेने भरतीच्या वेळापत्रकाची बंधनं सैल केली आणि फर्म आता त्याआधीच, कॅम्पसबाहेर थेट निवड करू लागल्या आहेत. ट्रान्सफरचा निकाल जून-जुलैत लागतो, तोवर बऱ्याच जागा भरलेल्या असू शकतात. तेव्हा अर्ज जुन्या स्कूलच्या नावावरच सुरू करावेत, निकालाची वाट बघत बसू नये. आणि अमेरिकन बार असोसिएशनचा ‘५०९’ अहवाल प्रत्येक स्कूलच्या साइटवर असतो, तो उघडावा. किती जण आले, किती सोडून गेले, हे त्यात असतं. जिथे ट्रान्सफर बऱ्यापैकी होतात तिथे आलेल्यांचा पहिल्या वर्षाचा जीपीएही. वॉशिंग्टनचं जॉर्जटाऊन दरवर्षी पुष्कळ जणांना घेतं. तिथे ट्रान्सफरवाला एकटा पडत नाही.

पैशांचं ओझं खरं आहे. बाबांनी चिंचवडचा फ्लॅट तारण ठेवला होता. सही करताना त्यांनी एवढंच विचारलं, “नोकरी लागेल ना रे?” मला तेव्हा ‘हो’ म्हणता आलं नाही. फ्लॅटचे कागद २०२१ मध्ये बँकेतून सुटले.

भाचीही एफ-१ वरच आहे.