क्लेमेंटेच्या सहीचा चेंडू : एका ऑनलाइन लिलावाची हकीकत

२०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात रॉबर्टो क्लेमेंटे या बेसबॉलपटूच्या सहीचा म्हणून एक चेंडू मी १,९५० डॉलरना विकत घेतला. त्या चेंडूवर क्लेमेंटेची सही असणे शक्यच नव्हते, हे मला पाच आठवड्यांनी कळले. जुन्या वस्तू जमवणारे पुष्कळ मराठी लोक आता घरबसल्या लिलावात बोली लावतात. कोणी नाणी घेतो, कोणी तिकिटे, कोणी क्रिकेटपटूंच्या सह्यांच्या बॅटी. माझी वस्तू वेगळी असली तरी ज्या वाटेने मला गोवले गेले ती वाट सगळीकडे सारखीच असल्यामुळे, थोडी लाज बाजूला ठेवून हे सविस्तर लिहीत आहे.

मी मूळचा मिरजेचा आणि १९९७ पासून अमेरिकेतल्या पिट्सबर्गला राहतो. या गावात क्लेमेंटे हे नाव टाळून राहता येत नाही. १९५५ ते १९७२ अशी आपली सगळी कारकीर्द तो पिट्सबर्ग पायरेट्स या संघाकडूनच खेळला, कारकिर्दीत नेमके ३,००० हिट (चेंडू टोलवून सुखरूप तळ गाठणे) त्याच्या नावावर लागले, आणि निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्याचे विमान ३१ डिसेंबर १९७२ रोजी समुद्रात कोसळले. मैदानाकडे जाणाऱ्या पुलाला त्याचे नाव आहे. माझा मुलगा लहानपणी त्याच्याच २१ क्रमांकाचा शर्ट हट्टाने मागून घेई, आणि मुलाचा खेळ सुटल्यावरही मला लागलेला नाद सुटला नाही. खेळाडूंची चित्रे छापलेली पत्त्यांएवढी जुनी कार्डे, सामन्यांची तिकिटे, कार्यक्रमपत्रिका असे करत मी सह्यांपर्यंत आलो. क्लेमेंटे अडतिसाव्या वर्षीच गेल्यामुळे, निवृत्तीनंतर वीस-तीस वर्षे प्रदर्शनांतून बसून सह्या करणाऱ्या खेळाडूंइतक्या त्याच्या सह्या उपलब्ध नाहीत, आणि केवळ त्याची एकट्याची सही असलेल्या चेंडूला कित्येक हजार डॉलर पडतात. ही किंमत मला चांगली ठाऊक होती. तरीही दोन हजारांच्या आसपास घुटमळणारा चेंडू दिसला तेव्हा मला संशय आला नाही, उलट आपल्याच दृष्टीचे कौतुक वाटले.

विक्रेत्याने तीन छायाचित्रे दिली होती. पहिल्यात दोन शिवणींमधल्या अरुंद जागेवरची निळी सही होती. दुसऱ्यात नॅशनल लीगचे (अमेरिकेतील अव्वल बेसबॉलच्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगांपैकी एक) तत्कालीन अध्यक्ष चार्ल्स फीनी यांच्या सहीचा छाप होता, तर तिसऱ्यात एका बाजूने घेतलेला, जुनाट पिवळसर दिसणारा सबंध चेंडू. जुन्या अधिकृत चेंडूंवर लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असे आणि तीवरून चेंडूचा काळ ठरवता येतो, हे या छंदातले पहिल्या इयत्तेचे ज्ञान आहे. बेब रूथ हा विख्यात खेळाडू १९४८ साली वारला आणि जो क्रोनिन अमेरिकन लीगचा अध्यक्ष झाला १९५९ साली, त्यामुळे क्रोनिनच्या छापाच्या चेंडूवर रूथची सही दिसली की जाणकार हसतात. तीच कसोटी मी मोठ्या ऐटीने लावून पाहिली. फीनी १९७० ते १९८६ या काळात अध्यक्ष होते आणि क्लेमेंटे १९७२ पर्यंत खेळत होता, म्हणजे ही तीन वर्षे जुळतात, असा हिशेब करून मी समाधान मानले. चेंडूवर आणखी एक छाप असतो, तो म्हणजे तो बनवणाऱ्या कंपनीचा. ती बाजू एकाही छायाचित्रात नव्हती आणि ती मी मागितलीही नाही. मुंबईच्या चोरबाजारात दहा रुपयांचे कुलूप चार वेळा उलटेपालटे करून पाहणारा मी, येथे जेवढे दाखवले तेवढेच पाहून थांबलो.

बोलीचा प्रकार असा घडला. अशा संकेतस्थळांवर आपण आपली कमाल रक्कम आधीच नोंदवून ठेवतो आणि दुसऱ्या कोणी बोली चढवली की यंत्रणा आपल्या वतीने लहान लहान पायऱ्यांनी वर जाते. मी २,१०० डॉलर नोंदवले. शेवटच्या संध्याकाळी एक बोलीदार १,४०० पासून पन्नास-पन्नास डॉलरनी चढत गेला आणि माझी कमाल ओलांडली जाताच थांबला. लिलाव त्याच्या नावावर संपला. या पद्धतीने समोरच्याच्या खिशाचा तळ नेमका कोठे आहे ते चाचपता येते, हे मला त्या वेळी सुचले नाही. मी फक्त हळहळलो. पुढे बोलींचा इतिहास उघडून पाहिला तेव्हा त्या बोलीदाराच्या अलीकडच्या जवळजवळ सर्व बोली याच विक्रेत्याच्या वस्तूंवर लागलेल्या दिसल्या. ही माहिती लिलाव चालू असतानाही एका टिचकीवर उपलब्ध होती.

दोन दिवसांनी मला विक्रेत्याचा ईमेल आला. जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुमची बोली दुसऱ्या क्रमांकाची होती, म्हणून चेंडू तुम्हाला देत आहे, असा त्याचा आशय होता. हरलेल्या बोलीदाराला अशी दुसरी संधी देण्याची सोय संकेतस्थळावर खरोखरच असते, परंतु तो प्रस्ताव आपल्या तेथील खात्यात दिसतो. परक्या पत्त्यावरून ईमेलने येत नाही. या गृहस्थाने पुढे लिहिले होते की बाहेरच्या बाहेर व्यवहार केल्यास संकेतस्थळाचे शुल्क वाचेल आणि त्यातला वाटा म्हणून तो मला १,९५० डॉलरना चेंडू देईल. पैसे मात्र ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेतील मित्र किंवा नातेवाइकांसाठीच्या पर्यायाने पाठवावेत. त्या पर्यायात खरेदीदाराला कोणतेही संरक्षण मिळत नाही. हे मी वाचलेले होते, आणि वाचलेले असूनही पैसे पाठवले, तेही क्रेडिट कार्डावरून नव्हे तर थेट बँकेच्या खात्यातून. दीडशे डॉलर वाचवल्याचा आनंद इतका होता की पत्नीने विचारलेल्या "पण मग पावती कोण देणार?" या साध्या प्रश्नाला मी नीट उत्तरही दिले नाही.

चेंडू आला, सोबत सही खरी असल्याचे, चकचकीत होलोग्राम चिकटवलेले प्रमाणपत्र आले, आणि मी तो काचेच्या पेटीत ठेवून महिनाभर मिरवला. मग पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिलमधल्या एका कार्ड-प्रदर्शनात तो घेऊन गेलो. तेथल्या एका वृद्ध विक्रेत्याने सहीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने चेंडू फिरवला, खरवडून पुसट केलेल्या जागेवर मोबाइलचा उजेड तिरपा पाडला आणि मला वाचायला सांगितले. रॉलिंग्ज या कंपनीच्या नावाची अक्षरे हलकी का होईना, पण स्पष्ट दिसत होती. नॅशनल लीगच्या चेंडूंवर १९७६ पर्यंत स्पॉल्डिंग या कंपनीचा छाप असे, आणि रॉलिंग्जचा छाप १९७७ पासून आला. म्हणजे माझा चेंडू तयार झाला तेव्हा क्लेमेंटेला जाऊन निदान चार वर्षे झाली होती. पिवळेपणाही वयाचा नव्हता. कातडे, शिवणीचा दोरा आणि शिवणीखालची एरवी झाकलेली जागा एकाच रंगाची होती, चहाच्या पाण्यात बुडवून काढावे तशी. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव एका प्रतिष्ठित संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते होते एवढेच. त्यावरील क्रमांक कोठेच पडताळता येत नव्हता.

या धंद्यात हे नवे नाही. एफबीआयने १९९० च्या दशकात ऑपरेशन बुलपेन या नावाने बनावट सह्यांच्या टोळ्यांवर कारवाई केली, तेव्हा एका टोळीने चक्क मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलही बनवला असल्याचे उघड झाले. बिल मास्ट्रो या लिलाव व्यवसायातील बड्या असामीने २०१३ साली न्यायालयात कबूल केले की लिलावांत खोट्या बोली लावून किमती चढवल्या जात होत्या, आणि होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचे जगप्रसिद्ध टी-२०६ मालिकेतले कार्ड त्याने कडा कापून अधिक चांगले भासवले होते. हे दोन्ही किस्से मी पूर्वी मित्रांना रंगवून सांगत असे.

तक्रारी सर्व केल्या. संकेतस्थळाने व्यवहार आमच्या बाहेर झाला असे कळवले, आणि ते खरेच होते. पैसे पाठवणाऱ्या सेवेनेही तेच सांगितले. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे अर्ज भरला, आणि चेंडू सरकारी टपालाने आला असल्यामुळे टपाल निरीक्षकांकडेही भरला. दोन्हीकडून पोच मिळाली. पैसे मिळाले नाहीत. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी ईमेल, छायाचित्रे, बोलींचा इतिहास आणि पार्सलचे वेष्टण पहिल्याच दिवशी जपून ठेवावे. मी वेष्टण फेकून दिले होते आणि पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच्याबरोबर गेला.

मार्च महिन्यात, चेंडू माझ्या कपाटात असताना, त्याचीच तीन छायाचित्रे मला दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने लिलावात दिसली. सहीच्या शेवटच्या अक्षराजवळचा तांबूस डाग ओळखीचा होता. बोली १,१०० डॉलरपर्यंत पोहोचली होती. मी विक्रेत्याला विचारले की कंपनीच्या छापाच्या बाजूचे छायाचित्र मिळेल का. उत्तर आले नाही. मग माझ्याकडचा चेंडू त्या दिवसाच्या वर्तमानपत्रावर ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे काढली आणि तक्रारीसोबत संकेतस्थळाला पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिलाव काढून टाकलेला होता.