टिकटिक टिकलं, हेच नवल

एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही, तो प्रकार) असल्याचं मला 34व्या वर्षी कळलं. मग हौसेने एक महागडं प्लॅनर अ‍ॅप घेतलं. रंग, टॅग, फोल्डर! ते सजवण्यात दोन रात्री गेल्या आणि लाइटबिल भरायचं राहिलंच. टिकटिक (TickTick) हे टू-डू अ‍ॅप मात्र आठ महिने टिकलंय. कामांच्या यादीलाच पोमोडोरो टाइमर जोडलेला आहे: 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी. ‘भांडी’वर टाइमर लावला की आकडे उतरायला लागतात आणि मी निमूट ओट्यापाशी जाते. 25 मिनिटं मला झेपेनात, म्हणून 15 करून घेतली. नोटिफिकेशन मात्र बोट सवयीने उडवून टाकतं (माझंच बोट, दोष कुणाला देऊ). त्यामुळे गॅसशेजारी चिठ्ठी अजून आहेच: ‘दूध ठेवलंयस, हलू नकोस’.