एकाच किमतीचे दोन इअरफोन : एटिमोटिक ईआर२एसई की ईआर२एक्सआर?

एटिमोटिक या कंपनीने २०१९ मध्ये आपल्या ईआर२ मालिकेत दोन इअरफोन आणले. एकाच्या नावात एसई म्हणजे स्टुडिओ एडिशन आहे आणि दुसऱ्याच्या नावात एक्सआर म्हणजे एक्स्टेंडेड रिस्पॉन्स. किंमत जवळजवळ एकच, घडण एकच, सोबत येणाऱ्या, कानात बसवायच्या टिपही त्याच. त्यामुळे घेणाऱ्याला किमतीवरून किंवा रूपावरून काहीच ठरवता येत नाही आणि सगळा निर्णय आवाजावर येऊन ठेपतो. महिनाभर मी हे दोन्ही इअरफोन आलटून पालटून वापरले, कारण शेवटी एकच ठेवायचा होता. या दोघांतला फरक कानांना कळतो तरी का आणि कळलाच तर तो कोणासाठी महत्त्वाचा आहे, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता.

आधी दोघांत समान काय आहे ते सांगतो. दोन्हींत एकेकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे लहानशा स्पीकरसारखा पडदा हलवून आवाज काढणारा भाग, आहे. या कंपनीची ओळख ज्यामुळे झाली त्या १९९१ च्या ईआर-४ मध्ये बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे चुंबकांमधली बारीक पट्टी हलवून आवाज काढणाऱ्या, जातीचा ड्रायव्हर होता. तुलनेने ईआर२ मालिकेतला डायनॅमिक ड्रायव्हर हा या घराण्यातला वेगळा प्रयोग म्हणता येईल. विद्युत रोध (इम्पीडन्स) १५ ओहम असल्याने साधा फोनही ते पुरेसे वाजवू शकतो आणि वेगळा ॲम्प्लिफायर घेण्याची गरज पडत नाही. शिवाय डायनॅमिक ड्रायव्हरचा रोध खालपासून वरच्या स्वरांपर्यंत फारसा बदलत नाही, त्यामुळे एका उपकरणातून दुसऱ्यात तार जोडली म्हणून आवाजाचा तोल बिघडत नाही. दोन वस्तूंची तुलना करू पाहणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. तार सुटी करता येते, म्हणजे ती तुटली तर नवी जोडता येते. आवाजाच्या नळीच्या तोंडाशी असलेली बारीक फिल्टर कानातल्या मळाने बुजली की तीही बदलता येतात. एका बाजूचा आवाज अचानक मंद आणि बुजलेला वाटू लागला, तर इअरफोन बिघडला असे समजण्याआधी हे फिल्टर पाहावे.

आता कानात बसवण्याविषयी. याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण हे जमले नाही तर एसई आणि एक्सआर यांची तुलना करण्यालाच अर्थ उरत नाही. या कंपनीची स्थापना १९८३ मध्ये श्रवणशास्त्राचे संशोधक मीड किलियन यांनी केली आणि श्रवणचाचणीसाठी कानाच्या नळीत बसणारे इअरफोन हे तिचे सुरुवातीपासूनचे काम. ईआर२ची बैठक त्याच परंपरेतली आहे. एकावर एक अशी तीन छत्र्यांची रबरी टिप बाहेरच्या वाटीत नुसती टेकवायची नसते, ती कानाच्या नळीत बरीच आत जायला हवी. विरुद्ध हाताने कान वर आणि मागे ओढावा, टिप किंचित ओली करावी आणि घाई न करता हळूहळू आत सरकवावी. काढतानाही एकदम ओढू नये. थोडे फिरवत, हवा आत येऊ देत काढावे, नाहीतर कानाच्या पडद्यावर नको तो ताण येतो.

पहिले तीन-चार दिवस मी टिप पुरेशी आत घातलीच नव्हती. त्या दिवसांच्या माझ्या टिपणात एसईचा आवाज पातळ आहे, एक्सआरचा बरा आहे, दोघांतही खर्जाला वजन नाही, असे लिहिलेले आहे. हे सगळे टिपण मला रद्द करावे लागले. टिप आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी सर्वांत आधी खालचे स्वर निसटतात, आणि डाव्या-उजव्या कानांतली फट सारखी नसेल तर गाणाऱ्याचा आवाज मध्यावरून एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो. बैठक नीट जमली की बाहेरचे जग एकदम दूर जाते. बाहेरच्या आवाजात ३० डेसिबलहून अधिक घट होते आणि ती कोणत्याही बॅटरीशिवाय, केवळ रबराच्या आणि खोल बैठकीच्या जोरावर. आणखी एक गोष्ट मला अनपेक्षित वाटली. कान नुसते तोंडाशी बंद केले तर आपलाच आवाज, चावणे, पावलांचा धक्का डोक्यात घुमतो. टिप कूर्चेच्या पुढे हाडाच्या भागापर्यंत खोल गेली की हा घुमारा कमी होतो. म्हणजे जास्त आत घातलेली टिप अधिक त्रासदायक वाटेल हा अंदाज या एका बाबतीत तरी उलटा ठरतो.

दोन इअरफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे. किंचित मोठा वाजणारा इअरफोन आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो, आणि नुसत्या अंदाजाने कळ फिरवून ही चूक टळत नाही. मी १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा, एकच स्थिर स्वर दोन्हींवर वाजवून पातळ्या जुळवल्या आणि मगच संगीत लावले.

तरी फरक राहिलाच आणि तो एकाच जागी होता. मधल्या आणि वरच्या स्वरांत दोन्ही इअरफोन मला वेगळे ओळखता आले नाहीत. गायकाच्या 'स', 'श'चा घर्षणध्वनी, सतारीच्या जव्हारीची झिलई, झांजेचा विरत जाणारा नाद हे सगळे दोन्हींत तसेच्या तसे आहे. कानाच्या मोकळ्या नळीत साधारण २५०० ते ३००० हर्ट्झच्या आसपास नैसर्गिक अनुनाद असतो आणि टिप घालून नळी बंद केल्यावर तो जागचा हलतो, म्हणून इअरफोनने त्या भागाला स्वतः उठाव द्यावा लागतो. तो उठाव दोन्हींत सारखाच आणि फार जपून दिलेला आहे, आणि माणसाचा आवाज इतका खरा वाटतो त्याचे मुख्य श्रेय मी यालाच देतो. फरक आहे तो खालच्या स्वरांत. साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली उतरू लागल्यावर एक्सआर हळूहळू वर चढत जातो आणि अगदी तळाशी एसईपेक्षा चार-पाच डेसिबलने पुढे असतो. एसई मात्र तळापर्यंत सपाट राहतो.

चार-पाच डेसिबल हा आकडा ऐकायला लहान वाटतो. मधल्या स्वरांत तो लहान असेलही, पण खालच्या स्वरांत आपल्या कानाची रीत वेगळी आहे. तिथे पातळी थोडी वाढली तरी मोठेपणा भराभर वाढल्यासारखा वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये समान मोठेपणाच्या ज्या वक्ररेषा मांडल्या, त्यांच्या पुढच्या सुधारित आवृत्त्यांतही हीच गोष्ट दिसते. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला ७० डेसिबलहून अधिक पातळी लागते. एकूण आवाज वाढवत नेला की ही दरी कमी होत जाते. साध्या शब्दांत, हळू ऐकणाऱ्याच्या कानाला खर्ज कमी पोचतो आणि मोठ्याने ऐकणाऱ्याला तो आपोआप भरून मिळतो.

माझा निर्णय याच मुद्द्यावर फिरला. ध्वनिमिश्रण करणारे लोक बहुतेक वेळा ८० डेसिबलच्या आसपास ऐकून वाद्यांचा तोल ठरवतात. तेच ध्वनिमुद्रण मी रात्री शांतपणे, त्याहून बऱ्याच खालच्या पातळीवर ऐकतो, तेव्हा एसई तांत्रिकदृष्ट्या खरे सांगत असूनही माझ्या कानाला चित्र अपुरे मिळते. चेलोची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि बेस गिटारची ४१ हर्ट्झला. हळू आवाजात एसईवर हे दोन्ही स्वर ऐकू येतात, त्यांची धारही कळते, पण त्यांची जागा, त्यांचा पसारा आकसलेला असतो. एक्सआरवर हीच वाद्ये पुन्हा आपल्या आकाराला येतात. तबल्याच्या डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन काढलेली घसरती मींड ही माझी नेहमीची कसोटी आहे. एसईवर ती मींड मला समजते, तर एक्सआरवर तिचा सुरुवातीचा धक्का आणि मागे रेंगाळणारी आस दोन्ही जाणवतात, आणि त्यासाठी पातळी वाढवावी लागत नाही.

पातळी न वाढवावी लागणे ही माझ्या लेखी आवाजाच्या गोडव्याइतकीच मोठी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांहून अधिक ऐकू नये, आणि पातळी दर ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होत जाते. बाहेरचा गोंगाट टिपनेच अडवलेला आणि खर्ज एक्सआरने भरून दिलेला असेल, तर आवाज वाढवण्याची दोन्ही मुख्य कारणे संपतात. ज्याला रोज तीन-चार तास ऐकायचे आहे त्याने ही गोष्ट हलकी समजू नये. ऐकण्याची एकदा गेलेली क्षमता परत मिळत नाही.

एसईला कमी लेखावे असा मात्र माझा मुळीच हेतू नाही. भाषणे, मुलाखती, पुस्तकांचे वाचन ऐकताना मला तोच अधिक आवडला. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणजे तो एक्सआरच्या चढाच्या पट्ट्यातच येतो. जड आवाजाचा माणूस मायक्रोफोनच्या अगदी जवळून बोलत असेल तर एक्सआरवर त्याच्या छातीचा घुमारा अर्ध्या-पाऊण तासानंतर जाणवू लागतो. एसईवर असे होत नाही, शब्द स्वच्छ आणि कोरडे येतात. तानपुऱ्याच्या साथीने गायलेल्या विलंबित ख्यालातही एसईने मला एक वेगळी गोष्ट दाखवली. खर्जाच्या तारेतून निघणारे वरचे स्वयंभू स्वर एसईमध्ये एकेक सुटे मोजता आले. एक्सआरमध्ये ते असतात, पण मूळ स्वराची साय त्यांच्यावर आलेली असते. जो स्वतः ध्वनिमुद्रण करतो, संपादन करतो, खोलीतली घरघर किंवा श्वासाचा फटकारा शोधून काढतो, त्याला खर्जाला उठाव देणारा इअरफोन चुकीचे सांगू शकतो. त्याने एसईच घ्यावा आणि त्यात दुसरा विचार करू नये.

एसई घेऊन इक्वलायझरने, म्हणजे खालचे-वरचे स्वर हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, खर्ज वाढवला तर दोन्ही मिळणार नाहीत का, असे कोणीही विचारील. काही प्रमाणात मिळतात. एकच डायनॅमिक ड्रायव्हर असल्याने तो हा भार सहज पेलतो आणि फाटत नाही. परंतु खर्ज ५ डेसिबलने वाढवायचा तर आधी एकूण पातळी तेवढीच खाली आणावी लागते, नाहीतर मोठ्या आवाजाच्या जागी संकेताचे शेंडे छाटले जातात. उलट एक्सआर घेऊन तळ ५ डेसिबलने उतरवला तर असा कोणताही धोका नाही. म्हणून ज्याला इक्वलायझर वापरायचाच आहे, त्यालाही मी एक्सआरकडे वळवीन. ज्याला त्या भानगडीत पडायचे नाही, फोनला तार जोडून नुसते ऐकायचे आहे, त्याने आपण किती मोठ्याने ऐकतो हे आधी प्रामाणिकपणे पाहावे. दिवसभर बऱ्यापैकी मोठ्या पातळीवर ऐकणाऱ्याला एक्सआरचा तळ थोडा भरगच्च वाटेल आणि एसई बरोबर तोलात.

एक्सआरचा खर्ज मुबलक असतो असाही समज कोणी करून घेऊ नये. हार्मन या ध्वनिउपकरणे बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधनात बहुसंख्य श्रोत्यांना आवडलेला इअरफोनचा जो तोल पुढे आला, त्यात खालच्या स्वरांना एक्सआरहूनही अधिक उठाव आहे. ढोलाच्या ठोक्याने छाती हलावी अशी अपेक्षा असेल तर या दोघांपैकी एकही नको. ज्याला कानात खोल काही गेलेले सहनच होत नाही, ज्याच्या कानाचा पडदा कधी दुखावला आहे किंवा कान वारंवार वाहतो, त्यानेही या बैठकीच्या वाटेला जाऊ नये. चालता-पळताना वापरणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की खोल बसणाऱ्या कोणत्याही तारेच्या इअरफोनमध्ये कपड्यांवर घासणाऱ्या तारेचा आवाज थेट कानात येतो. चिमट्याने तार सदऱ्याला अडकवली की तो पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण जात नाही. एका जागी बसून ऐकणाऱ्याला याचा त्रास होत नाही.

टिपांपैकी लहान तिहेरी छत्रीची टिप माझ्या उजव्या कानाला आणि मोठी डाव्या कानाला बसली. दोन्ही कानांना एकच माप लागते हे गृहीत धरू नये. फोमच्या टिपेने आराम थोडा वाढला, पण वरच्या स्वरांची धार किंचित मऊ झाली, म्हणून मी रबराकडे परतलो. आता एक्सआर माझ्याकडे आहे आणि फोनवरची पातळी पूर्वीपेक्षा चार घरे खाली असते. एसई मी एका मैत्रिणीला दिला. ती घरी मुलाखतींचे ध्वनिमुद्रण संपादित करते आणि तिने पहिल्याच संध्याकाळी त्यावर एका जुन्या मुद्रणातली पंख्याची घरघर पकडली, जी महिनाभर एक्सआरवर ऐकूनही माझ्या लक्षात आली नव्हती.