घरच्या सुतारकामासाठी पहिलं कापायचं मशीन: मार्बल कटर, सर्क्युलर सॉ की टेबल सॉ?

घरी सुतारकाम करू पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या शीटपाशी अडतो. १९ मिमीची शीट असेल तर वजन पस्तीस-चाळीस किलो. हाताच्या करवतीने आठ फुटांची उभी चीर काढायची म्हणजे घाम फुटतो, आणि निम्म्यात पोचेपर्यंत करवत रेघ सोडून भलतीकडे गेलेली असते. मग मशीन घ्यायचं ठरतं. दुकानात गेलं की हमखास एक सल्ला मिळतो: मार्बल कटर घ्या, त्याला लाकडाचं पातं लावा, सगळे सुतार तेच वापरतात.

शेवटचं वाक्य खरं आहे. तरीही घरी शिकणाऱ्याने हा सल्ला ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे. मी तो ऐकला होता.

कटर आणि सर्क्युलर सॉ

मार्बल कटर दगड आणि फरशी कापायला बनवलेला आहे. त्याची हिऱ्याची चकती दगडाला घासून खाते आणि त्यासाठी प्रचंड वेग लागतो. म्हणून ११० मिमी पात्याचा कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. सर्क्युलर सॉ म्हणजे लाकडासाठीच बनवलेलं, हातात धरून चालवायचं गोल पात्याचं मशीन. त्याचं पातं १८५ मिमीचं, म्हणजे सव्वासात इंची, आणि फेरे पाच हजारांच्या आसपास. फेऱ्यांचा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून मी एकदा कागदावर गणित मांडलं. कटरचे तेरा हजार फेरे धरले, तर पात्याच्या कडेचा दाता सेकंदाला ७५ मीटर पळतो. सॉचे ५,२०० धरले, तर ५० मीटर. ताशी हिशोब केला तर कटरचा दाता २७० किलोमीटरने येतो आणि सॉचा १८० ने. हातात मावतं म्हणून ज्या मशीनची आपल्याला कमी भीती वाटते, त्याचा दाता दीडपट वेगाने फिरत असतो.

पात्याच्या तोंडावर कमाल फेरे छापलेले असतात. कटरला लाकडाचं पातं लावायचंच असेल, तर निदान तो आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना, हे बघून घ्या. पातं कमी फेऱ्यांचं असेल तर ते तिथेच परत करा. दाते पात्यावर डाग देऊन बसवलेले असतात. ते सुटले तर कुठे जातील हे आपल्या हातात नसतं.

पण माझ्या लेखी खरा फरक गार्डचा आहे. सर्क्युलर सॉ उचलून खालून बघा. पात्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एक धातूचं किंवा प्लास्टिकचं झाकण असतं, स्प्रिंगवर. मशीन प्लायच्या कडेला टेकवून पुढे ढकललं की कडाच त्या झाकणाला मागे सारते. काप संपवून मशीन उचललं की झाकण आपोआप मिटतं. कटरला वरच्या बाजूला एक पक्कं आवरण असतं, खाली काहीच नाही. बटण सोडल्यावर पातं काही सेकंद फिरत राहतं, आणि तेवढ्यात मशीन खाली ठेवलं तर ते जमिनीवरून स्वतःच चालायला लागतं. त्यात बऱ्याच कटरना बटण दाबलेलं अडकवून ठेवायची सोय असते. दगड कापणाऱ्याचं बोट त्याने दुखत नाही, हे ठीक. पण लाकडात मशीन हातातून निसटलं तर ते चालूच राहतं.

माझा प्रसंग सांगते. गच्चीवर दोन स्टुलांवर प्लायचा तुकडा आडवा ठेवला होता, दोन्ही टोकांना टेकू आणि मध्ये काही नाही, आणि मी मधोमध कापत होते. काप संपत आला तसा तुकडा मध्ये वाकला, चीर मिटली आणि पातं तिच्यात चेपलं गेलं. कटर चिरेतून उडून उलटा माझ्याकडे आला. सलवार गुडघ्याच्या वर चार बोटं फाटली आणि कातडीवर लाल ओरखडा उठला. आवाज थांबल्यावर मी किती तरी वेळ तशीच उभी होते. चूक माझीच होती, टेकू चुकीचा होता. असा टेकू दिला तर सर्क्युलर सॉसुद्धा मागे झटका मारतो. पण चिरेतून बाहेर पडल्यावर त्याचं खालचं गार्ड मिटायला निदान वाव असतो. कटरमध्ये तेवढाही नाही.

उपाय सोपा आणि जवळजवळ फुकट आहे. शीट जमिनीवर चार लाकडी पट्ट्यांवर ठेवा, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्ट्या. किंवा खाली दोन इंची थर्माकोल अंथरा आणि पात्याची खोली प्लायच्या जाडीपेक्षा तीन-चार मिलिमीटरच जास्त ठेवा. काप पूर्ण झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहायला हवेत. एकही तुकडा खाली झुकत असेल, तर टेकू बदला आणि मगच बटण दाबा.

आमच्याकडे काम करणारे सुतारकाका कटरच वापरतात, आणि त्यामागची कारणं पोकळ नाहीत. मशीन पिशवीत मावतं, तीन-चार हजारांत येतं, फ्लॅटमध्ये जागेवर काम करता येतं, गरज पडली तर फरशीही कापता येते. शिवाय त्यांच्या हाताला तीस वर्षांची सवय आहे. त्या काकांच्या डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशी संपते. त्यांचं पोट या कामावर आहे. आपण रविवारी हौसेने कपाट करणार आहोत, आपल्याला हा सौदा करायची काहीच गरज नाही.

ग्राइंडरला लाकडाचं पातं लावायचा प्रकारही दिसतो. त्यावर तुलना करायलाच नको. ग्राइंडरला टेकायला तळपट्टी नाही, खोली ठरवता येत नाही, दाता अडकला की मशीन मनगट पिरगाळून चेहऱ्याकडे येतं. ते पातं घरातच आणू नका.

सॉ घेताना आणि वापरताना

चांगला सर्क्युलर सॉ साधारण सहा ते दहा हजारांत मिळतो. बॉश, मकिता, डिवॉल्ट यांपैकी तुमच्या गावात ज्याचं सर्व्हिस सेंटर असेल तो घ्या. घरगुती कामाला त्यांच्यात जीव टाकावा एवढा फरक नाही. मशीनबरोबर येणारं पातं बहुधा चोवीस दात्यांचं असतं. ते चौकटीचं लाकूड उभं चिरायला चांगलं, पण प्लायवर वापरलं तर कडेच्या ढलप्या उडतात. साठ दात्यांचं पातं वेगळं घ्या. चाळीस दात्यांचं एकच घेऊन दोन्ही कामं भागवता येतात, मात्र दोन्हीकडे थोडी तडजोड होते.

सर्क्युलर सॉचे दाते खालून वर येतात, त्यामुळे ढलप्या वरच्या तोंडाला उडतात. म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवून कापायचं. रेघेवर मास्किंग टेप चिकटवली आणि कागद कापायच्या धारदार कटरने टेपसकट एक ओरखडा मारला, तर कड आणखी स्वच्छ येते.

हाताने रेघ धरून आठ फूट सरळ जायचा प्रयत्न करू नका. अ‍ॅल्युमिनियमचा आठ फुटी चौकोनी पाइप आणा आणि दोन सी-क्लॅम्पनी शीटवर आवळा. सॉची तळपट्टी त्याला घासत न्यायची. पातं आणि तळपट्टीची कड यांतलं अंतर एकदा मोजून मशीनवरच मार्करने लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी मोजायची टेप काढावी लागत नाही. सरळ काप मिळतो हा एक फायदा. पण सॉ तिरका होऊन पातं चिरेत अडकणं हे मागे झटका बसण्याचं मोठं कारण आहे, आणि हा पाइप ते टाळतो.

प्लगचंही पाहून घ्या. १,४०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या थोडं वर ओढतं. म्हणजे टीव्हीच्या सहा अँपिअरच्या पॉइंटची मर्यादा तिथेच ओलांडते, आणि सुरू होतानाचा ओढा त्याहून मोठा. सोळा अँपिअरच्या पॉइंटवरच लावा. एक्स्टेन्शनची वायर किमान दीड चौरस मिमीची असावी आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली असावी. गुंडाळलेली वायर तापते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल, तर मशीनच्या आधी तो बसवून घ्या. पावसाळ्यात ओल्या गच्चीवर काम करणाऱ्यांना हे दोनदा सांगावंसं वाटतं.

जिगसॉ

जिगसॉ, म्हणजे अरुंद पातं वर-खाली करत कापणारं मशीन, पहिलं म्हणून घेऊ नका, दुसरं म्हणून जरूर घ्या. गोलाई, सिंकचा चौकोन, वायर जायचं भोक यांत त्याला तोड नाही. तो सगळ्यांत कमी बिचकवणारा आहे आणि नवख्याला त्याने धीर येतो. पण पातं अरुंद असल्याने जाड लाकडात ते वाकतं आणि कड काटकोनात येत नाही. गुण्या लावला की लगेच दिसतं. धोका त्याचा एकच, पण फसवा आहे. पातं प्लायच्या खाली वर-खाली होत असतं आणि ते वरून दिसत नाही. आधाराला शीटखाली घातलेली बोटं नेमकी तिथे जातात.

टेबल सॉ

टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून पातं वर आलेलं मशीन, या कामात सगळ्यांत नेमकं आहे. एकाच मापाच्या वीस पट्ट्या काढायच्या असतील, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण शीट इथे मशीनवरून सरकते, म्हणून आठ फूट पुढे आणि आठ फूट मागे मोकळं लागतं. फ्लॅटच्या बाल्कनीत हे जमत नाही. दहा इंची पात्याच्या चांगल्या मशीनला सॉच्या पाचपट पैसे तरी मोजावे लागतात.

म्हणून मग जुगाड होतो. सर्क्युलर सॉ किंवा कटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवायचा, बटण पट्टीने आवळायचं, खालचं गार्ड सुतळीने बांधून ठेवायचं. हे करू नका. टेबल सॉमध्ये पात्याची पुढची बाजू लाकूड खाली दाबते, मागची बाजू मात्र वर येत असते. लाकडात ताण असेल तर चिरलेले दोन भाग मागे मिटतात, मागच्या दात्यांना घासतात, आणि ते दाते लाकूड उचलून सरळ तुमच्या पोटाकडे फेकतात. लाकूड गेलं की त्याला ढकलणारा हात पात्यावर जातो. हे घडायला डोळ्याची पापणीही लवत नाही.

कारखान्यातून येणाऱ्या मशीनमध्ये पात्यामागे एक पोलादी पान उभं असतं, त्याला रायव्हिंग नाइफ म्हणतात. त्याचं काम एवढंच, की चीर मिटू द्यायची नाही. जुगाडात नेमकं तेच नसतं. वापरलेला टेबल सॉ स्वस्तात मिळत असेल, तर आधी हे पान आणि वरचं गार्ड जागेवर आहे का ते विचारा. हरवलं असं उत्तर आलं, तर सौदा सोडून द्या. आणि टेबल सॉवर काम करताना पात्याच्या सरळ रेषेत उभं न राहता डाव्या बाजूला उभं राहायचं, अरुंद तुकडा लाकडी काठीने ढकलायचा.

शीट दुकानातच कापून घेणं

हा पर्याय लोक कमीपणाचा मानतात, ते मला पटत नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी किंवा मॉड्युलर फर्निचर बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात पॅनल सॉवर, म्हणजे अख्ख्या शीट कापायच्या मोठ्या मशीनवर, कापून देणारं कोणीतरी सापडतं. मापांचा कागद नीट लिहून न्या, मिलिमीटरमध्ये, आणि प्रत्येक कापात पात्याच्या जाडीचे तीन मिलिमीटर जातात हे धरून. चाळीस किलोची शीट जिन्यातून चढवायचं टळतं, आणि घरी उरतात ते छोटे, आवाक्यातले काप. माझं पहिलं पुस्तकांचं कपाट असंच झालं.

धूळ, आवाज, कपडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या यादीत. नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांशी तिचा संबंध आहे. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा गोंदाने दाबलेला बोर्ड) यांच्या धुळीत गोंदातलं फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायनही असतं. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा आणि सॉच्या भुसा टाकणाऱ्या तोंडाला व्हॅक्युमचा पाइप जोडा. कटरला बहुधा ते तोंडच नसतं, हा त्याचा आणखी एक तोटा.

सॉचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेच्या नियॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० ला उरतात पंधरा मिनिटं. कानावर मफ हवेतच.

हातमोजे मात्र कापताना घालू नका; दात्यात धागा अडकला तर बोट सोबत जातं. ओढणी, मनगटातला गंडा, लोंबणारं मंगळसूत्र, श्रावणात बांधलेली राखी, सगळं काढून ठेवायचं. आणि पातं बदलताना प्लग भिंतीतून बाहेर, नुसतं बटण बंद करून नाही.

हाताशी पंधरा हजार असतील तर मी असे खर्च करीन: सर्क्युलर सॉ, एक जादा पातं, चार क्लॅम्प, अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, चष्मा, मफ, मास्क. उरले तर जिगसॉसाठी बाजूला ठेवीन. पैसे देण्याआधी दुकानातच, प्लग न लावता, खालचं गार्ड बोटाने मागे ओढा आणि सोडा. ते खट्‌ आवाज करून मिटलं पाहिजे, वाटेत कुठेही न अडखळता. मशीन तिरकं धरून पुन्हा तेच करा. मग तळपट्टी आणि पातं यांच्यामध्ये गुण्या लावून काटकोन बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल, गार्ड अडखळलं तर दुसरा खोका उघडायला सांगा.