मिरची मोकळ्या रानात, शेडनेटमध्ये की पॉलिहाऊसमध्ये? किडींच्या अंगाने केलेली तुलना

दहा-वीस गुंठ्यांत मिरची करायची ठरली की चर्चा सुरू होते ती अनुदान, सांगाड्याचा खर्च आणि बाजारभाव यांची. त्या छपराखाली मिरचीचं झाड स्वतः किडींशी किती लढू शकेल, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न आधी विचारायला हवा. मिरची करणाऱ्याचा निम्मा जीव फुलकिडे, पांढरी माशी आणि कोळी (पानाचा रस शोषणारे बारीक माइट) यांच्यातच अडकलेला असतो, आणि झाडाला त्यांच्याशी लढायचं बळ बऱ्याच अंशी उन्हातून मिळतं.

अळीने पान कुरतडलं की झाड गप्प बसत नाही. पानात जास्मोनेट नावाचा संदेशवाहक पदार्थ तयार होतो. त्याचं एक रूप 1962 साली चमेलीच्या, म्हणजे जॅस्मिनच्या, तेलात सापडलं, म्हणून हे नाव. त्याच्या सांगण्यावरून झाड कडवट, तुरट द्रव्यं आणि अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं बनवू लागतं. टोमॅटो आणि बटाट्यात अशी प्रथिनं जखमेनंतर वाढतात, हे 1972 मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर मिरचीतल्याच अशा प्रथिनांचा घाटेअळीवरचा परिणाम अभ्यासला गेला आहे. म्हणजे आपल्या मिरचीजवळ हत्यार आहे. ते परजायला ऊन लागतं.

ऊन इथे तीन प्रकारे कामाला येतं. पहिला प्रकार साधा आहे: ऊन म्हणजे अन्न, आणि अन्न शिल्लक असेल तरच झाड तुरट द्रव्यांवर खर्च करतं. जपानमध्ये ग्योकुरो चहासाठी मळ्यावर मुद्दाम सावली करतात. त्याने पानातली तुरट कॅटेचिन्स कमी होतात आणि चहा गोडसर लागतो. चहा पिणाऱ्याला ते हवंच असतं, पण पान खाणाऱ्या किडीलाही ते आवडेल. उन्हातलं पान जाड आणि चिवट असतं, सावलीतलं पातळ, रसाळ, लुसलुशीत. बोटांत धरून पाहिलं तरी फरक कळतो.

दुसरा प्रकार अतिनील (यूव्ही) किरणांचा. त्यांचा यूव्ही-बी हा भाग ओळखणारं खास प्रथिन वनस्पतींत असतं. ते यूव्ही-बी टिपतं आणि पान आपल्या वरच्या थरात फ्लेव्होनॉइड्स साठवू लागतं. ही द्रव्यं पानाला करपण्यापासून वाचवतात आणि अनेक किडींना नकोशीही होतात. काचेतून यूव्ही-बी जवळजवळ येतच नाही. खिडकीच्या काचेआड वाढवलेलं रोप म्हणूनच इतकं नाजूक निघतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात चूक आपल्या हातून होते. पान लाल प्रकाश शोषतं आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा फार-रेड प्रकाश सोडून देतं. उघड्या उन्हात लाल आणि फार-रेडचं गुणोत्तर साधारण 1.2 असतं, दाट पिकाखाली ते 0.5 च्याही खाली घसरतं. झाडाला यावरून शेजारी कळतो. शेजारी अंगावर आला आहे हे लक्षात आलं की ते पेरं लांबवून वर धावतं, आणि धावताना संरक्षणावरचा खर्च कापतं. अर्जेंटिनात कार्लोस बायारे यांच्या गटाने रानतंबाखूच्या रोपांवर नुसता फार-रेड प्रकाश सोडून पाहिला. खरी सावली नव्हती, तरी त्या पानांवरच्या अळ्या जास्त पोसल्या. आपण दोन रोपं जास्त बसावीत म्हणून लागण दाट करतो, तेव्हा नेमका हाच संदेश प्रत्येक झाडाला देत असतो.

आता पर्याय पाहू.

मोकळं रान

झाडाची स्वतःची ढाल इथे सगळ्यात जाड असते. पूर्ण यूव्ही, भरपूर अन्न, आणि लागण मोकळी असेल तर शेजाऱ्याची भीती नाही. ढालकिडे, जाळीदार पंखांचा क्रायसोपा, कोळ्यांवर जगणारे भक्षक कोळी अशा मित्रकीटकांना इथे येण्याची मनाई नसते. पण ही ढाल कुरतडणाऱ्या अळ्यांपुढे जितकी चालते, तितकी रस शोषून विषाणू सोडणाऱ्या पांढऱ्या माशीपुढे चालत नाही. माशीने रोपाला एकदा विषाणू दिला की पान कडवट असून उपयोग काय? चुरडा-मुरडा (पानं आकसण्याचा रोग) झालेलं झाड परत सरळ होत नाही. 2021 मध्ये तेलंगण आणि आंध्रात थ्रिप्स पार्व्हिस्पायनस या परक्या फुलकिड्याने मिरचीचे फड उद्ध्वस्त केले, ते फड मोकळ्या उन्हातच होते. ऊन हे झाडाचं बळ आहे, कवच नव्हे.

विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा आणखी एक मर्यादा घालतो. पारा चाळिशीपार गेला की झाड लढणं सोडून जगायच्या मागे लागतं, फुलं गळतात, आणि कोरड्या उष्णतेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. एप्रिल-मेमध्ये मिरचीला थोडी सावली लागतेच, यात मला शंका नाही.

शेडनेट

गावोगावी दिसणारं नेहमीचं चित्र असं: वर 50 टक्क्यांची हिरवी जाळी, बाजू अर्ध्या उघड्या, आत दाट लावलेली ढोबळी मिरची. मला सगळ्यात जास्त काळजी याच रचनेची वाटते. ऊन निम्मं झालं, पान लुसलुशीत झालं, तुरटपणा उतरला. म्हणजे झाडाची ढाल आपण काढून घेतली, आणि बदल्यात आपली ढाल दिली नाही. सावलीच्या जाळीची भोकं फुलकिड्याला किंवा जेमतेम एक मिलिमीटरच्या पांढऱ्या माशीला दरवाजासारखी असतात. आत आलेल्या किडीला वारा नाही, पावसाचा मार नाही, मित्रकीटकही कमी. मग फवारणीवर फवारणी. ती मिरची शेवटी आपल्याच लेकरांच्या ताटात जाते.

शेडनेट करायचंच असेल तर बाजूंना किमान 40 मेशची (इंचाला 40 भोकं असलेली) इन्सेक्ट नेट, म्हणजे कीडरोधक जाळी हवी. फुलकिड्यांसाठी 50 किंवा त्याहून बारीक घ्या, पण वारा कमी होतो म्हणून सांगाडा उंच ठेवा. दाराला दुहेरी पडदा लावा. छताची जाळी गुंडाळता येणारी असू द्या. जुलैत आभाळ भरलेलं असताना झाडाला आधीच ऊन कमी मिळतं, त्यावर 50 टक्के जाळी म्हणजे उपासमार. जाळी पिकाच्या पानांसारखी लाल प्रकाश तेवढाच गाळत नाही, काळी जाळी तर सगळे रंग जवळपास सारखेच अडवते. शेजाऱ्याची खोटी भीती झाडाला जाळीपेक्षा दाट लागणीतून जास्त बसते. म्हणून आतही अंतर कमी करू नका.

पॉलिहाऊस

इथला हिशोब उलटा आहे, आणि मोठा गमतीचा. प्लास्टिक यूव्ही अडवत असेल तर झाडाची अतिनील ढाल पातळ होते. पण पांढरी माशी, फुलकिडे आणि मावा यांना उडताना वाट शोधायला यूव्ही लागतं. ते नसलं की त्यांचं आत येणं आणि पसरणं कमी होतं. इस्रायलमध्ये 1990 च्या दशकात यूव्ही शोषणाऱ्या फिल्मखाली टोमॅटोवर पांढरी माशी आणि तिने आणलेला पर्णगुच्छाचा विषाणू, दोन्ही कमी आढळले. विषाणू हीच मुख्य डोकेदुखी असेल तिथे मी झाडाच्या ढालीपेक्षा माशीच्या आंधळेपणावर भिस्त ठेवेन. कोळ्याच्या बाबतीत मात्र ही फिल्म उलटी पडू शकते, कारण यूव्ही-बी त्याच्या अंड्यांना मारक असतं. जपानमध्ये स्ट्रॉबेरीवर त्यासाठी रात्री यूव्ही-बीचे दिवे लावतात.

फिल्म घेताना एक गोष्ट नीट विचारून घ्या. 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' याचा अर्थ कागद उन्हाने लवकर फाटत नाही, एवढाच. तो झाडापर्यंत किती यूव्ही जाऊ देतो, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर लेखी मागा. भोपळवर्गीय पिकं घेणार असाल तर मधमाश्यांनाही यूव्ही लागतं हे ध्यानात असू द्या. मिरचीचं परागीभवन बहुतांशी स्वतःचं स्वतः होतं, त्यामुळे तिथे अडत नाही.

मी काय निवडेन

तिखट मिरचीसाठी मोकळं रान. फक्त रोपवाटिका पूर्णपणे इन्सेक्ट नेटमध्ये, कारण कोवळेपणी लागलेला विषाणू सगळ्यात महाग पडतो. रानात चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, चंदेरी बाजू वर. तो आकाशाचा उजेड आणि यूव्ही खालून परत फेकतो, त्याने उतरणाऱ्या माशीचा, फुलकिड्याचा गोंधळ होतो आणि खालच्या पानांनाही प्रकाश मिळतो. झाडं वाढून पेपर झाकला गेला की हा फायदा ओसरतो, तोवर नाजूक काळ निघून गेलेला असतो. ओळी उत्तर-दक्षिण. युरियाचा हात आखडता, नाहीतर उन्हातही पान सावलीतल्यासारखं मऊ होतं. एप्रिल-मेपुरती हलकी, 35 टक्क्यांची सावली.

ढोबळी मिरचीची फळं उन्हाने चट्टे पडून बाद होतात, तिच्यासाठी सगळ्या बाजूंनी बंद आणि छत गुंडाळता येणारं शेडनेट. तेवढे पैसे नसतील तर अर्धवट शेडनेटपेक्षा क्षेत्र निम्मं करा, पण जाळी पुरी लावा. पॉलिहाऊस तेव्हाच, जेव्हा परिसरात विषाणूने सलग हंगाम बुडवलेत आणि रोज आत जाऊन पानाची खालची बाजू बघणारं माणूस घरात आहे.

रोपं कुठल्याही जाळीतून बाहेर काढताना मात्र घाई नको. आठवडाभर आधी पाणी थोडं कमी करा, रोज जास्त वेळ उन्हात ठेवत जा. पान जाड व्हायला आणि त्यात ती तुरट द्रव्यं साठायला तेवढे दिवस लागतात, आणि ती तयारी झालेलं रोप रानात पहिल्या दिवसापासून आपल्या पायावर उभं राहतं.